झोपलेलं की घाबरलेलं

आक्का कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, गळ्याखालच्या खळगीकडे बघत. तिथली शीर कशी उडते यावरून माणसाच्या मनातलं कळतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मी मोठ्या धिटाईनं स्वतःची ओळख करून देत होते, तर त्या मला मध्येच थांबवून म्हणाल्या, "बस पोरी, पाणी पी आधी. लई धडधडतंय तुझं."

आळेफाट्याजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही भुलीची नवी औषधं शोधत होतो, झेब्रा माशांच्या पिल्लांवर. पाच-सहा दिवसांचं पिल्लू जिऱ्याच्या दाण्याहून बारीक आणि काचेसारखं आरपार असतं. बारीक कप्प्यांच्या थाळीत एकेक पिल्लू ठेवायचं, औषध घालायचं आणि थाळीला टिचकी मारायची. जागं पिल्लू दचकून पळतं, भूल चढलेलं हलत नाही. मग ते स्वच्छ पाण्यात सोडायचं. पुन्हा पोहायला लागलं तर औषध पुढच्या चाचणीला घ्यायचं. मी तिथं संशोधन करणारी विद्यार्थिनी होते. मासे सांभाळायला निरगुडसरहून आक्का यायच्या. वय पन्नाशीचं, शाळा सातवीपर्यंत.

सकाळी दिवे लागले की मासे अंडी घालतात. त्या वेळात आक्का दारातच उभ्या राहत. एकदा आमच्या प्रमुख मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या, तर त्यांनाही आक्कांनी अडवलं. "बाळंतिणीच्या खोलीत अशी जत्रा घेऊन शिरतंय व्हय कुणी?" पाहुणे अर्धा तास बाहेर चहा पीत बसले. मॅडमही.

सूक्ष्मदर्शकातून पिल्लाचं हृदय बघायला मीच त्यांना शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की त्या तिथं जाऊन बसत. "टीव्हीपेक्षा बरं," म्हणत.

तिसऱ्या वर्षी मला हवं होतं तसं औषध सापडलं. थाळीतली सगळी पिल्लं निपचित पडत आणि स्वच्छ पाण्यात सगळी पुन्हा पोहू लागत. मी अहवाल लिहायला घेतला. त्या दुपारी आक्का सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून होत्या.

"पोरी, ह्ये झोपल्यालं न्हाई. घाबरल्यालं हाय."

"हलत नाही ना पण, आक्का?"

"हलाया येत न्हाई म्हून हलत न्हाई. टिचकी मार अन् काळीज बघ त्याचं."

मी टिचकी मारली. पिल्लू निपचित होतं, पण त्याचं हृदय एकदम धावू लागलं. नेहमीच्या भुलीत तसं होत नसे. पुढचे आठ दिवस मी तेच पुन्हा पुन्हा तपासलं. माझं औषध फक्त स्नायू जखडत होतं. आत पिल्लाला सगळं कळत होतं. वर्षभराचं काम वाया गेलं आणि राग निघाला आक्कांवर. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर एसटीची वाट बघताना त्याच बोलल्या.

"माझ्या थोरल्याच्या वेळंला बाळ आडवं व्हतं. भूल देऊन पोट फाडलं. मला हात हलवता येईना, डोळा उघडता येईना. पर चाकू कळत व्हता. डाक्टरच्या गप्पा बी ऐकू येत व्हत्या. मागनं सांगितलं, तर समदी म्हणली सपान पडलं असंल. मंग मी बी सांगायचं सोडलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हटलं, "आक्का, असं क्वचित होतं. स्नायू सैल करणारं औषध लागू पडतं, पण झोप पुरेशी लागत नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे."

"पुस्तकात हाय?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. मग म्हणाल्या, "म्हंजी मी खोटं बोलत नव्हते."

त्यानंतर मला कळलं, की पित्ताशयातल्या खड्यांचं दुखणं त्या चार वर्षं अंगावर काढत होत्या. ऑपरेशनचं नाव निघालं की माहेरी निघून जात. आता त्या तयार झाल्या, पण एका अटीवर: भूल देणाऱ्याशी मी बोलायचं. त्यासाठी त्यांनी सुट्टी घेतली. ऑपरेशननंतर मुला-सुनेनं घरीच राहायचा आग्रह धरला, त्यामुळं त्या कामावर परतल्याच नाहीत. माशांच्या खोलीच्या दारात आता कुणी उभं राहत नाही.

भूल देणारी डॉक्टर तरुण होती. मी सांगितलेलं तिनं हसण्यावारी नेलं नाही. खुर्ची ओढून आक्कांजवळ बसली, तीस वर्षांपूर्वीचं सगळं ऐकून घेतलं. कपाळाला पट्टी लावून झोप किती गाढ आहे ते आपण सतत बघत राहू, असं तिनं समजावलं. आत जाताना आक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की नर्सला तो सोडवावा लागला.

दीड तासानं त्यांना बाहेर आणलं. थोड्या वेळानं डोळे किलकिले झाले. "कवा सुरू करणार?" त्यांनी जड जिभेनं विचारलं.

"झालं, आक्का."

त्यांचा हात चादरीखाली सरकला, पोटावरच्या पट्ट्या चाचपून आला.

"कायच न्हाई ऐकू आलं गं," म्हणाल्या आणि रडू लागल्या. दुखत असेल असं वाटून सून नर्सला बोलवायला उठली. मी तिला हाताला धरून खाली बसवलं.