नळीतलं जादा भोक

माणसाने क्षमा करावी, असं मी वर्गात मुलांना सांगते. त्या सरांना मात्र मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही, आणि त्याचं मला तिळभर वाईट वाटत नाही.

ते आमच्या शाळेतले भौतिकशास्त्राचे वरिष्ठ शिक्षक. शाळा भोपाळच्या बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टर्सना लागून. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच मराठी. ते ग्वाल्हेरचे, मी लग्न होऊन नागपूरहून आलेली. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. माझ्या डब्यातलं थालीपीठ ते हक्काने उचलायचे आणि वर "शेवटी आपली माणसं ती आपली माणसं" असं तोंडभरून म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी मी एक उपकरण केलं. पडद्याचा ॲल्युमिनियमचा पोकळ रॉड उभ्या लाकडी फळीला बसवला, खालचं तोंड उघडं ठेवून, आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला उभी चीर दिली. आतून चुंबक सोडलं की चिरेतून ते भरकन जाताना दिसतं. मग अखंड भागात शिरतं, तिथे एकदम संथ होतं, आणि मुलं खाली हात धरून वाट बघत बसतात. धातूत वीज फिरायला सलग वाट लागते, हे मी घसा कोरडा करूनही ज्यांना पटवू शकले नव्हते, त्यांना त्या नळीने एका मिनिटात पटवलं. स्क्रूसाठी भोकं पाडायचं काम नवऱ्याकडे होतं. मंडीदीपच्या त्याच्या फॅक्टरीतून त्याने रविवारपुरतं ड्रिल मागून आणलं होतं. ऐन वेळी त्याचा फोन वाजला, हात घसरला, आणि नळीच्या खालच्या भागात नको तिथे एक भोक पडलं. पुन्हा नवी नळी कोण आणणार, म्हणून ते तसंच ठेवलं.

गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनसाठी मी महिनाभर नागपूरला होते. हॉस्पिटलच्या बाकावर बसून शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, तर सरांचा फोटो. टेबलावर ती नळी, फळीला चकचकीत सनमायका, समोर कार्ड: संकल्पना आणि निर्मिती, आणि खाली सरांचं नाव. भौतिकशास्त्र शिक्षकांच्या विभागीय संमेलनासाठी त्यांची निवड झाली होती. तिथून एकच उपकरण राष्ट्रीय मेळाव्याला जाणार होतं. खाली अभिनंदनाची रांग लागलेली. मीही अंगठा पाठवला.

मग फोटो मोठा करून पाहिला. नळी माझी नव्हती, नवी होती. कपाटातल्या माझ्या नळीवरून कुणा कारागिराकडून हुबेहूब करून घेतलेली. आणि खालच्या भागात, अगदी त्याच जागी, भोक होतं. आमच्या घसरलेल्या हाताचं भोक यांनी मोजूनमापून पाडून घेतलं होतं! त्या बाकावर मी एकटीच खुदकन हसले.

प्राचार्यांकडे तक्रार करता आली असती. पण तिथे दार लोटून चहा मागवला गेला असता, 'टीमवर्क' हा शब्द निघाला असता आणि मीच समजूतदारपणा दाखवायचा असं ठरलं असतं. मला बंद खोली नको होती. मला हॉल हवा होता, आणि तोही आमच्याच विषयाच्या शिक्षकांनी भरलेला. म्हणून परत आल्यावर तीन महिने मी सरांना रोज नमस्कार केला, थालीपीठ खाऊ घातलं आणि संमेलनाला साधी श्रोता म्हणून नाव नोंदवलं.

संमेलन भोपाळमधल्याच एका कॉलेजात होतं. सर नवं जॅकेट घालून आले होते. प्रयोग छान झाला. होणारच, डोकं माझं होतं. टाळ्या थांबल्यावर मी हात वर केला. माइक माझ्याकडे आला.

"सर, नीचे ये जो छेद है, ये किसलिए है?"

मला पाहून ते जरा अडखळले. 'पता नहीं' म्हणाले असते तर कदाचित सुटले असते. पण शिकवणाऱ्या माणसाला चारचौघांत 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हा आमच्या पेशाचा जुना रोग.

"बहुत अच्छा प्रश्न," ते म्हणाले. "चुंबक गिरता है तो नीचे हवा दबती है. वो हवा निकल जाए, इसलिए ये छेद बहुत सोच-समझकर दिया है."

"पर सर, नली तो नीचे से खुली है ना?"

मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा हॉल. मी पुढे गेले. परीक्षकबाईंना घड्याळ धरायला सांगितलं, भोकावर बोट दाबून चुंबक सोडलं, मग बोट काढून सोडलं. दोन्ही वेळा तेवढाच वेळ. मग फोनमधला तीन वर्षांपूर्वीचा फोटो त्यांच्यापुढे धरला: आमची बाल्कनी, ड्रिल घेतलेला ओशाळा नवरा आणि नळीवरचं ताजं भोक.

"ये छेद मेरे पति की गलती है," मी म्हणाले. "सर ने वो भी नहीं छोड़ी."

सरांचे कान लालबुंद झाले होते. मी ते डोळे भरून पाहिले. मला फार, फार बरं वाटलं.

परीक्षकबाईंनी फारसं काही विचारलं नाही. उपकरण पुढे जाईल, पण कार्ड आत्ताच बदला, एवढंच म्हणाल्या आणि मार्कर माझ्यापुढे केला. मी तो घेतला नाही.

"सर लिखेंगे," मी म्हणाले.

सरांनी वाकून स्वतःचं नाव खोडलं. वर माझं आडनाव लिहिलं. आणि त्यांचा हात थांबला. मस्टरवर अकरा वर्षं त्यांच्या नावाखालच्याच ओळीत माझं नाव आहे, पण त्यांच्यासाठी मी फक्त मॅडम होते. मान वर न करता त्यांनी अगदी हळू आवाजात, मराठीत विचारलं, "मॅडम, आपलं नाव काय?"

"मोठ्याने विचारा, सर," मी म्हणाले आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.