मांडीवर एकतारी, भैंसा ते जैनथ

त्या रविवारी पहाटे बुद्धवंदना झाली. मेणबत्ती अजून जळत होती. मी भिंतीवरची एकतारी पुसायला खाली घेतली. दर रविवारी घ्यायचो आणि पुसून पुन्हा खिळ्याला अडकवायचो. त्या दिवशी हात वर गेला आणि तिथंच थांबला.

"आज तरी नेऊन द्या," बायको म्हणाली. "अकरा वर्षं झाली."

जुन्या धोतरात एकतारी गुंडाळून मी भैंशाचा बसस्टँड गाठला.

ही वडिलांची एकतारी, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो. खरं तर ती जैनथजवळच्या आमच्या गावातल्या तारवाल्यांची. तारवाले म्हणजे हौशी गाणारी मंडळी, पण ढोलकी नसलेली. वडील आणि त्यांचे तीन सोबती दिवसा दुसऱ्याच्या शेतात सालदार, संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर. त्यांतल्या एकाची आई आजारी होती, तिला ढोलकी सोसवेना. म्हणून दोन एकताऱ्या आणि तुणतुणं एवढ्यावरच गाणं सुरू झालं. बेंजो नंतर आला. म्हातारी गेली, पण ढोलकी काही परत आली नाही. नियम दोनच. वाद्यं विहारात राहतात, घरी न्यायची नाहीत. आणि सगळ्यांनी आपापली तार मोठ्या एकतारीवरून जुळवायची. शेवटच्या आजारपणात वडिलांनी मंडळींना विचारून ही मोठी एकतारी उशाशी आणवली. ते गेले आणि मी ती आठवण म्हणून भैंशाला आणली. कोणी मागितली नाही. तेच मला टोचत राहिलं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: भैंसा, निर्मल, आदिलाबाद, जैनथ अशा बस बदलायच्या आणि शेवटी ऑटो. तेलंगणात बायकांना तिकीट नसल्यानं बस भरलेल्या असतात, तेव्हा स्टँडवर थोडं आधी पोचा. निर्मलला स्टँडसमोर गरम इडली मिळते, चटणी मात्र जपून. पुढे घाटात सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर पडलेली असतात.

कंडक्टरनं गाठोड्याकडे बोट दाखवलं. "ये क्या है?"

"मेरे बाप का है."

"तो गोद में बिठाओ," तो म्हणाला आणि पुढे गेला.

जैनथला जुनं दगडी देऊळ आहे. नक्षी पाहण्यासारखी, अर्धा तास काढाच. तिथून ऑटो भरेपर्यंत मात्र बसून राहावं लागतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरी उभ्या, आणि लांब पैनगंगेची झाडी. मी गाठोडं धरून बसलो होतो. मनात एक चोरकप्पा होता: एकदा वाजवून दाखवू, फोटो काढू, आणि कोणी ठेव म्हणालं नाही तर घेऊन येऊ.

उन्हं कलताना विहारात पोचलो. चौघांतले आता एकटे किसनकाका उरलेत. त्यांची सून कमलताई अंगणवाडीत आहे, तीही आता वाजवते. सतरंजीवर सगळे बसले होते, पण मधली एक जागा रिकामी होती. तिथं कमलताईचा मोबाईल ठेवला होता.

"अकरा वर्सं झाले, याच्यावरून सूर घेऊन राह्यलो आमी," काका म्हणाले. "बॅटरी उतरली का गाणं बंद."

मी धोतर सोडलं. काकांनी भोपळ्यावरून हात फिरवला आणि भुवया चढवल्या.

"हे काऊन एवढं चमकून राह्यलं गा?"

"वार्निश मारलं, काका. जपायचं म्हणून."

"नवरीवानी सजवली, आन् नांदायला धाडलीच नाही," कमलताई म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो.

काकांनी दांडीवर एक जागा शोधली. तिथं वडिलांच्या मुठीनं लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं होतं. माझ्या वार्निशाखाली ते दिसेनासं झालं होतं. काकांनी तार छेडली. आवाज निघाला, पण सर्दी झाल्यासारखा.

"बिघडली का?" मी विचारलं.

"नाही बिघडली. वाजवणाऱ्याच्या हातानं उतरंल हे वार्निश, हळूहळू. भिंतीवर नाही उतरत."

मोबाईल उचलून कमलताईनं मला जागा करून दिली. मला वाजवता येत नाही. मी एकतारी तिच्याच हातात दिली आणि ओट्याच्या कडेला बसलो. तुणतुणं, बेंजो, दुसरी एकतारी, एकेक तार मोठ्या एकतारीच्या सुराला येऊन मिळाली. मी हात जोडले. गाणं सुरू झालं तेव्हा नदीकडून गार वारा येत होता.

मुक्काम काकांकडेच. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा. सकाळी निघताना काकांनी विचारलं, "नेतो का रे?"

"नाही काका. इथंच राहू द्या."

परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर भेटला. "बाप किधर गया?"

"घर छोड के आया."

मांडी हलकी लागत होती, पण वाईट वाटलं नाही. दर महिन्याला एक रविवार तिकडे जाईन म्हणतो, दांडीवरची काळी जागा किती वर आली ते पाहायला. घरी पोचल्यावर पक्कड घेतली आणि भिंतीतला खिळा उपटून काढला.