माडीवरची आगगाडी

आमचे हे दर महिन्यात एका रविवारी अकोल्याला जायला लागले, तेव्हा आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. अमरावतीला राजापेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. तिथे हे, मी आणि सासूबाई. हे कोर्टात नक्कलनवीस होते. रविवारी सकाळी बडनेऱ्याला जायचे, तिथे गाडी बदलून अकोला, आणि दिवेलागणीनंतर परत. विचारलं की म्हणायचे, "साहेबाचं काम आहे." साहेब अमरावतीचे आणि काम अकोल्याला, तेही सुट्टीच्या दिवशी! पण उलट विचारायची आमच्याकडे रीत नव्हती.

विचारलं नाही, पण पाहत राहिले. एकदा त्यांच्या नखांच्या कडेला लाल रंग दिसला. मला तो अळताच वाटला. मग माझ्या फणेरपेटीतले केसांचे आकडे कमी व्हायला लागले. मग माझ्या चोळीतून उरलेला हिरव्या खणाचा तुकडा गेला. नवरा घरातले आकडे नेतो, खण नेतो आणि बोटाला अळता लावून येतो, याचा अर्थ कोणती बायको काय लावील? त्यातून सासूबाई अधूनमधून म्हणायच्याच, "दुसरी करून घेतली असती त आतापर्यंत आंगन भरलं असतं." मला वाटलं, करून घेतलेली दिसते. फक्त घरी आणायची राहिली आहे.

माहेरी आमचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. थोरला भाऊ झेंडूची पोती घेऊन अकोल्याच्या बाजाराला जात असे. त्याला मी रडून सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला तो स्टेशनापासून यांच्या मागे गेला आणि परत येऊन म्हणाला, "जठारपेठेत माडीचं घर हाय. दार एका बाईनं उघडलं. हसून उघडलं."

"कशी हाय दिसाले?"

"चांगली हाय," भाऊ खाली मान घालून म्हणाला.

पुढच्या महिन्याचा तो रविवार येईपर्यंत मी सोमवारही धरले आणि शनिवारही. रविवारी हे गेल्यावर मी सासूबाईंना माहेरी जाते म्हणून सांगितलं आणि भावाबरोबर मागची गाडी पकडली. अकोल्याला उतरून जठारपेठेपर्यंत आम्ही चालत गेलो. काय बोलायचं ते मी वाटेत मनात घोळवत होते. भाऊ म्हणत होता, "तू चूप राह्य, मी बोलतो." पण दार उघडलं, समोर ती गोरीपान, भरल्या कपाळाची बाई दिसली आणि मी भावाला बाजूला सारलं.

"काहून वं," मी ओरडले, "दुसरीचा नवरा माडीवर ठेवून राह्यली का? माह्या नवऱ्याले खाली धाड!"

ती बाई दचकली. माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. समोरच्या घरातल्या दोन बायका ओसरीवर आल्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचे यजमान कोणते? वर सगळेच आहेत."

सगळेच, हा शब्द मला ऐकू आला, पण कळला नाही. मी जिना चढले.

वर एक लांबलचक खोली होती. खुंट्यांवर कोट, टोप्या, एक पागोटं टांगलेलं. आणि जमिनीवर सहा-सात मोठी माणसं पालथी पडलेली. त्यांच्या मधोमध फळ्यांवर रूळ मांडले होते. बोगदा होता, पूल होता, हातभर लांबीचं स्टेशन होतं, आणि त्यावरून चावीची आगगाडी घरघरत चालली होती. एक पांढऱ्या केसांचे पारशी गृहस्थ मांडी घालून बसले होते. ते एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनीअर होते, हे मला नंतर समजलं. तार वाकवून सिग्नलचा हात कसा खालीवर करायचा, ते बाकीच्यांना दाखवत होते. त्यांच्या हातातली तार म्हणजे माझा आकडा होता. सिग्नल लाल रंगवलेला होता. स्टेशनामागच्या शेतात माझा हिरवा खण पसरला होता.

आणि आमचे हे अगदी कडेला, गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून येणाऱ्या इंजिनाकडे पाहत होते. तोंड थोडं उघडं. चेहऱ्यावर असं काही सुख होतं की इतक्या वर्षांत मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. घरी नाही, सणाला नाही. मग त्यांना मी दिसले आणि तो चेहरा विझला. मला आयुष्यभर लाज वाटली ती तो चेहरा विझवल्याची. दारात ओरडल्याची लाज त्यानंतरची.

दारातलं माझं बोलणं माडीवर शब्द न् शब्द ऐकू गेलं होतं. घाईने एकेक जण उठला. कोणी धोतर सावरलं, कोणी कोट शोधू लागला. घरमालक वकील होते. ते म्हणाले, "या वहिनी, बसा ना." पण बसायला जागाच नव्हती, सगळीकडे रूळ. गाडी थांबवायचं कोणाला सुचलं नाही. चावी संपेपर्यंत ती फिरत राहिली आणि आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो, कारण एकमेकांकडे पाहता येत नव्हतं.

खाली दार उघडणाऱ्या त्या बाईंनी, म्हणजे वकिलीणबाईंनी, मला पाण्याचा गडू दिला. मी म्हटलं, "बाई, मले माफ करा. माह्या तोंडाले आग लागो."

"अहो, मलाही आधी वाटलं होतं हे वर पत्ते कुटतात," त्या म्हणाल्या. "मीही एकदा दाराला कान लावला होता." त्या हसल्या. त्या माझ्यासाठी हसल्या, हे कळत होतं म्हणून मला जास्तच रडू आलं. समोरच्या बायका अजून ओसरीवरच होत्या. त्यांना त्या घराबद्दल मी आयुष्यभर बोलायला पुरेल असं काहीतरी देऊन चालले होते.

भाऊ बाजाराकडे निघून गेला. परतीच्या गाडीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मूर्तिजापूर गेलं. मग मीच म्हटलं, "सांगितलं काहून नाई मले? आगगाडीच व्हती ना? दारू नाई, बाई नाई."

हे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "काय सांगू? घरात लेकरू नाई आन् बाप खेळून राह्यला, असं म्हनाले असते लोक. तुले आयकाव लागलं असतं."

मी पदर तोंडावर घेतला तो बडनेरा येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर यांनी अकोल्याला जाणं बंद केलं. रविवारी ओट्यावर बसायचे, अडकित्त्याने सुपारी कातरायचे. सासूबाईंना वाटलं, पोरगा मार्गाला लागला. मी मात्र ती सुपारी कातरल्याचा आवाज ऐकला की भाजी चिरता चिरता थांबायचे. असे काही महिने गेले. शेवटी एका शनिवारी मी म्हटलं, "उद्या जा ना अकोल्याले."

"कोन्त्या तोंडानं?"

"मी येतो संगं. माह्या तोंडानं."

गेलो. जिन्यावर आमचे पाय वाजले आणि वर खडबडून हालचाल झाली. आम्ही पोचलो तेव्हा सगळे सरळ बसलेले, कोट घातलेले, शाळेत तपासणीस आल्यासारखे. मी एकेकाला हात जोडले. पारशी बाबांनी माझ्यासमोर मूठ उघडली. तिच्यात माझे उरलेले आकडे होते. म्हणाले, "बेन, ये तुम्हारा. हमको मालूम नहीं था." मी ते परत घेतले नाहीत. म्हटलं, "राहू द्या, सिग्नलले लागतीन." कोणीतरी हसलं. हे हसले नाहीत.

पुढे मी कधीमधी यांच्याबरोबर जायचे, पण दाराशी वकिलीणबाईंजवळ बसायचे. बोगद्यासाठी कागदाचा लगदा कसा कालवायचा, रुळांना वळण कसं द्यायचं, असं दर वेळी कोणीतरी काही दाखवायचं. बाकीचे वाकून पाहायचे. एकदा जत्थ्याने जाऊन अमरावतीतल्या एका डॉक्टरांकडची विजेवर चालणारी गाडीही पाहून आलो. पण मी असले की त्या माणसांपैकी एकही पालथा पडत नसे. हेसुद्धा नाहीत. ताठ बसून पाहायचे. मी जायचं कमी केलं ते त्यासाठी.

काही वर्षांनी वकील नागपूरला वकिली करायला निघाले. मांडलेलं सगळं उचलावं लागलं. रूळ, डबे ज्याला हवे त्याला वाटून टाकले. एक जुनं इंजिन, दोन डबे आणि एक गोल होईल इतके रूळ यांच्या वाट्याला आले. हे ते घेईनात. मीच पदरात घेतले आणि घरी आणले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. आता घरात टोचून बोलणारं कोणी नव्हतं.

रविवारी दुपारी यांनी आतल्या खोलीत रूळ मांडले. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "निजून पाहा. मी नाई पाहत तुमच्याकडे." हे खरंच निजले. इंजिन घरघरायला लागलं. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. तिने कान टवकारले.

"हे कायचं वाजून राह्यलं वं?"

"आगगाडी हाय. चावीची."

"बाप्पा! कोनासाठी आनली?"

काय उत्तर द्यायचं ते मी अकोल्याहून येतानाच ठरवून ठेवलं होतं. ताठ मानेने सांगायचं की माझ्या मालकांसाठी आणली, त्यांना आवडते. पण तिने माझ्या रिकाम्या अंगणाकडे एकदा पाहिलं आणि माझी जीभ वळली नाही.

"भाच्यायसाठी," मी म्हटलं. "भावाच्या लेकरायसाठी."

आत घरघर थांबली. यांनी हाताने इंजिन धरलं असावं. मी विरजण दिलं, ती गेली, तरी मी तिथेच चुलीजवळ उभी राहिले. आत जाऊन त्यांच्याकडे पाहायची माझी छाती होईना. बऱ्याच वेळाने आतून चावी फिरवल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा सुरू झाली.