मालाची लिफ्ट

"अहो, ही लिफ्ट मालासाठी आहे. आपण माल आहात का?"

विभागप्रमुख हे म्हणाले तेव्हा मी लिफ्टच्या दारात उभा होतो. काखेत कुबडी, पोलिओच्या पायाला कॅलिपर. आत उसाच्या चिपाडाची पोती रचलेली. सगळे हसले. मीही हसलो. दार बंद झालं, पोती वर गेली आणि मी जिन्याकडे वळलो.

पुण्याजवळ मांजरी गावाच्या बाजूला आमची संशोधन संस्था. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. चिपाडाचा वायू करायचा, तो वाफेबरोबर निकेलच्या उत्प्रेरकावरून न्यायचा आणि हायड्रोजन काढायचा, हे आमचं काम. मी जिना बसून चढायचो. वरच्या पायरीकडे पाठ, हातांवर जोर, कुबडी मांडीवर. माझ्या पँटी मागून झिजायच्या. बायको आतून ठिगळ लावायची, विचारायची काही नाही.

मला त्या पोत्यांचा हेवा वाटायचा. चिपाडाचा हेवा.

लिफ्टचं मी पुन्हा कधी विचारलं नाही. लोक मला जिद्दी म्हणू लागले. नव्या मुलांना माझं उदाहरण देऊ लागले. ते मला आवडू लागलं.

निवृत्तीनंतरही मी सल्लागार म्हणून धायरीहून तीन चाकांच्या स्कूटरवर जात होतो. तेव्हा मुग्धा नोकरीला आली. व्हीलचेअरवर. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, लिफ्ट माणसांसाठी कधी सुरू होणार? पाण्याचा नळ कुठे आहे, हे विचारावं इतकं सहज.

आमच्या निकेलवर काजळी धरायची आणि ते निकामी व्हायचं. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या काजळीत गेली. मुग्धाने आधीच्या ठिकाणी केलेल्या उत्प्रेरकावर काजळी जवळजवळ धरतच नव्हती. मला न सुटलेलं तिला सुटलं होतं. वर लिफ्टही हवी. माझ्या पोटात दुखू लागलं.

बैठक झाली. लिफ्टला माणसांचा परवाना आणि दाराशी उतार, एवढीच मागणी होती. संचालक माझ्याकडे वळले. आपण इतकी वर्षं चढलात, आपलं काय मत?

मी म्हणालो, "सवयीचा प्रश्न आहे. मला कधी लागली नाही."

विषय तिथेच संपला. मुग्धाला तळमजल्यावर टेबल दिलं, दुसऱ्यांचे आकडे नीट लावायला. तिचा उत्प्रेरक बाटलीत भरून लिफ्टने वर गेला. ती खाली राहिली.

एकदा मी तसाच बसत बसत जिना उतरत होतो. खाली ती होती. बघत होती. मी शेवटच्या पायरीवर आल्यावर तिने विचारलं, "सर, तुम्हाला दुखत नव्हतं का?"

टोमणा नव्हता. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. 'सवय' म्हणायला मी तोंड उघडलं आणि बैठकीतलं माझंच वाक्य आठवलं. मला जे लिफ्टच्या दारात ऐकवलं गेलं, तेच मी तिला बैठकीत ऐकवलं होतं. फक्त सभ्य शब्दांत.

पुढे संस्थेने माझा सत्कार ठरवला. जिद्दीबद्दल. सभागृह वरच्या मजल्यावर. संचालकांचा फोन आला, आपण फक्त या, पोरं खुर्चीत बसवून उचलून नेतील.

"मी माल नाही," मी म्हणालो. "मला कुणी उचलून न्यायचं नाही आणि मी आता चढूनही येणार नाही."

ते म्हणाले, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता?"

सत्कार रद्द झाला. सल्ल्याचं कामही गेलं.

मुग्धाने दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली आहे. पुढच्या आठवड्यात सुनावणी. लिफ्टची गरज नाही हे दाखवायला संस्था माझंच वाक्य पुढे करणार आहे. मुग्धाने मला बोलावलेलं नाही. माफही केलेलं नाही, आणि मी ते मागणार नाही.

हेवा अजून आहे. ती लिफ्टच्या दारातून आत जाईल, तेव्हा माझ्या पोटात दुखेलच. दुखू दे. मी सुनावणीला जाणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे: दुखत होतं. रोज दुखत होतं. बैठकीत मी खोटं बोललो.