गाळलेलं पान

भिवराबाईला पुस्तकांचा नाद लागला तो पेंडीच्या पोत्यापायी. गोष्ट तेरा सालच्या दुष्काळातली. गावच्या सहकारी दूध संस्थेत ती झाडलोट करायची, दुधाचे कॅन धुवायची. पुढं दूधच आटलं. गाईंच्या अंगात उभं राहायचं बळ नाही, तिथं दूध कुठलं! संस्थेनं केजच्या अलीकडच्या माळावर चारा छावणी उघडली आणि ऑफिसची खोली पेंडीची पोती ठेवायला घेतली. त्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. कुणा मास्तरांच्या आग्रहानं संस्थेनं कधीकाळी वाचनालय काढलं होतं, त्याची पुस्तकं त्या कपाटात. फीत कापली, नारळ फोडला, कुलूप लावलं, एवढाच त्या वाचनालयाचा इतिहास. चेअरमन मोहनराव म्हणाले, "भिवराबाई, हा पसारा रद्दीवाल्याला देऊन टाका."

भिवराबाई सातवी शिकलेली. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायला तिलाच बसवायचे, कारण गावातल्या बायांत न अडखळता वाचणारी ती एकटीच. अक्षराला पाय लागला तर कपाळाला हात लावणारी बाई, ती अक्षरं तराजूत कशी घालणार? तिनं पेंडीची रिकामी पोती झटकली, पुस्तकं त्यांत कोंबली आणि आपल्या दोन लालकंधारी गाईंच्या मागोमाग छावणीवर नेली. नवरा म्हाळू मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. त्यामुळं 'हे काय खूळ आणलंस' असं विचारायलाही कुणी नव्हतं.

तिच्या लेखी पुस्तकाच्या जाती दोनच. एक देवाची पोथी आणि एक शाळेतलं धड्यांचं. पोत्यातून पहिलं पुस्तक निघालं ते यांपैकी एकही नव्हतं. धरणात बुडालेल्या गावातल्या एका घराची गोष्ट. त्यात देव नाही, तात्पर्य नाही, सगळं कुणीतरी मनानं रचलेलं, आणि तरी वाचताना डोळ्यांना धार लागावी! खोट्या माणसांसाठी आपण रडतोय, ह्याचा तिला स्वतःचाच राग आला. राग आला म्हणून तिनं पुस्तक मिटलं, आणि राहवेना म्हणून पुन्हा उघडलं.

शेजारच्या पालात दगडाबाई राहायच्या. दोन बैल, एक म्हैस आणि सहावा महिना लागलेली सून शिवकन्या, एवढा त्यांचा पसारा. लेक सुग्रीव पाण्याच्या टँकरवर क्लीनर, तो चार-चार दिवस फिरकायचा नाही. दगडाबाईंचा छावणीत दरारा होता. त्यांनी भिवराबाईला पुस्तक घेऊन बसलेलं पाहिलं.

"भिवरे, एकलीच का म्हून वाचतीस? मोठ्यानं वाच की."

"मावशी, ही पोथी न्हाई."

"कागद हाय, अक्षर हाय, म्हंजे पोथीच. देवाची न्हाई तर न्हाई."

झालं. दुपारी जनावरांना पाणी दाखवून झालं की बाया जमायला लागल्या. दगडाबाईंनी घमेलं उपडं घातलं, त्यावर टॉवेल अंथरला, पुस्तक ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. वर पोथीचे नेमही सांगितले. मधूनच उठायचं नाही. सुरू केलेली पोथी समाप्तीशिवाय सोडायची नाही. आणि पान गाळायचं नाही. "गाळलेलं पान घरात घडतं," त्या म्हणायच्या. हा नेम कुठल्या पोथीत लिहिलाय हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दगडाबाईंना असल्या गोष्टींची धास्ती होती, त्याला कारणही होतं. त्यांची थोरली लेक सारजा पहिल्याच खेपेला, बाळंत व्हायच्या आधीच गेली. 'बाहेरचं झालं' एवढाच निरोप सासरहून आला होता. सारजाचं नाव निघालं की त्या विषय बदलायच्या.

बुडालेल्या गावाची समाप्ती झाली, गूळ-फुटाणे वाटले. मग कवितांचं पुस्तक लागलं. पहिल्या दिवशी सगळ्या वैतागल्या. "ओळ अर्ध्यातच तुटती, दम लागतो का लिवणाऱ्याला?" असं सरस्वतीबाईनं विचारलं. पण विहिरीच्या दोरावरची एक कविता आली आणि तीच सरस्वतीबाई डोळे मिटून जात्यावरची ओवी म्हणायला लागली. त्यानंतर आभाळाचं पुस्तक. आज दिसणारी एखादी चांदणी कधीच विझलेली असू शकते, तिचा उजेड तेवढा वाटेत असतो, असं त्यात होतं. बायांनी भिवराबाईला वेड्यात काढलं. दगडाबाईंनी मात्र विचारलं, "म्हंजे गेलेलं बी दिसत ऱ्हातंय?"

चौथं पुस्तक एका नर्सबाईचं. डोंगरातल्या वाड्यांवर उभा जन्म काढलेली बाई, आपलीच हकिकत सांगणारी. त्यात सगळं 'मी गेले, मी पाहिलं' असं. त्यामुळं निम्म्या बायांची समजूत झाली की भिवराबाईच पूर्वी नर्स होती आणि तिनं ते लपवून ठेवलं. शिवकन्या तर रोज पुढं सरकून बसायची. पहिलटकरीण, तिला प्रत्येक बाळंतपणाची गोष्ट आपलीच वाटायची.

भिवराबाई उद्याचं आजच वाचून ठेवायची, अडखळायला नको म्हणून. तशी वाचता वाचता ती एका पानावर थबकली. त्यात शिवकन्याच्याच वयाची एक पोर होती. आता शिवकन्यालाही लागलेला तसाच आठवा महिना, हातापायांवर सूज, डोकं फुटायला आलेलं, डोळ्यापुढं काजवे. आणि शेवटी ती पोर गेली. हे त्या भरल्या पोटाच्या पोरीसमोर कसं वाचायचं? भिवराबाईनं बाभळीचा एक काटा घेतला आणि ती दोन पानं एकमेकांना टाचून टाकली. दुसऱ्या दिवशी तिथवर आली तेव्हा पुस्तकात नजर ठेवूनच मनानं बोलली, "पोरगी बाळंत झाली. मायलेकरं सुखरूप." शिवकन्या हसली. दगडाबाईंनी सुनेवरून बोटं कडाकडा मोडली. भिवराबाईला मात्र आपण देवळात चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात तपासणी पथक यायचा दिवस होता. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या दावणीला उभं राहायचं, जनावराच्या कानातला बिल्ला दाखवायचा. माणूस नसेल तर जनावर हजेरीत नाही, आणि हजेरीत नाही तर चारा नाही. ऊन रणरणत होतं. उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्याचा, टेम्पो नुकताच आला होता. तेवढ्यात शिवकन्या भिवराबाईजवळ येऊन बसली.

"काकू, डोकं लई ठणकायलंय. सकाळधरनं."

भिवराबाईनं तिचा हात धरला. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तोंड सुजून डोळे बारीक झालेले.

"डोळ्यापुढं काय दिसतंय का गं?"

"काजवे चमकल्यावानी व्हतंय. तुमाला कसं कळलं?"

भिवराबाई उठली आणि दगडाबाईंकडं पळाली. दगडाबाई कांदा ठेचत होत्या. "ऊन लागलंय तिला. कपाळाला कांदा बांधते. पायाला सूज म्हंजे पोरगाच हाय बघ."

"मावशी, दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? पथक यायलंय! म्हशीचं नाव कटलं तर काय करू? आन् पहिलटकरणीला असलं व्हतंच."

भिवराबाई तशीच टेम्पोकडं वळली. ड्रायव्हर बंकट वाढे उतरवत होता आणि मोहनराव तिथंच उभे. तिनं पोरीला केजला न्यायला टेम्पो मागितला. "टेम्पो हलणार न्हाई," ते म्हणाले, "पथकाला चारा उतरलेला दिसला पायजे. आधीच छावणी बंद करायला टपलेत लोक. आन् तुमी गेलात तर तुमच्या गाई बी हजेरीत धरता यायच्या न्हाईत, सांगून ठेवतो." माणूस वाईट नव्हता, पण सगळ्या छावणीची जनावरं त्याच्या डोक्यावर होती.

"नका धरू," भिवराबाई म्हणाली. हे बोलताना तिला आपल्या गाईंकडं बघवलं नाही.

बंकटनं हातातली मोळी खाली टाकली. "तिची सासू हो म्हनली तर मी नेतो, चेअरमनसाहेब. पथकाला काय सांगायचं ते तुमी सांगा."

म्हणजे गाडं पुन्हा दगडाबाईंपाशी येऊन अडलं. आणि दगडाबाई हटायला तयार नव्हत्या. शिवकन्या खांबाला टेकून ओकत होती. समजावण्यात आणखी वेळ घालवला तर पोर हातची जाईल, एवढं भिवराबाईला कळत होतं. तिनं पालातून पुस्तक आणलं, दगडाबाईंच्या समोर बसली आणि काटा उपसला.

"मावशी, मी पान गाळलं."

दगडाबाईंच्या हातातला कांदा गळून पडला.

"त्या दिवशी वाचलं ते माझ्या मनाचं व्हतं. पोथीतलं न्हाई. खरं हे हाय, ऐका." आणि ती वाचायला लागली. हातापायांवर सूज. डोकं फुटायला आलेलं. डोळ्यापुढं काजवे. उलट्या. तेवढ्या ओळी संपेपर्यंत दगडाबाईंचा चेहरा मातीसारखा झाला.

"तू गाळलंस म्हनून घडलं! माझ्या घरात घडलं!" त्यांनी भिवराबाईचे खांदे धरून गदागदा हलवले. "फुडं काय हाय? फुडं वाच!"

भिवराबाईनं पुस्तक मिटलं. "फुडचं दवाखान्यातनं आल्यावर. आधी टेम्पोत बसा."

पोथीपुढं मात्र दगडाबाईंचं काही चालत नव्हतं. म्हैस तिथंच टाकून त्या टेम्पोत चढल्या.

केज जवळ आलं आणि शिवकन्याचे दात एकदम आवळले गेले. हातपाय ताठ झाले, अंग झटके द्यायला लागलं. दगडाबाई तोंडात चमचा घालायला धडपडू लागल्या. नर्सबाईनं पुस्तकात काय बजावलं होतं ते भिवराबाईला लख्ख आठवत होतं. तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. तिनं एका हातानं पोरीला कुशीवर धरलं, दुसऱ्या हातानं सासूला अडवलं. "बंकट, हाण बाबा गाडी!" ती ओरडत होती. मनात एकच चाललं होतं. शेवटची ओळ खरी होऊ नये, बाकी काहीही होवो.

केजला इंजेक्शन दिलं, झटके थांबले, आणि तिथूनच ॲम्ब्युलन्सनं अंबाजोगाईला नेलं. पोट चिरून मुलगी काढली. मुठीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवली. पण दोघी जगल्या. सुग्रीव टँकर सोडून पळत आला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला.

भिवराबाई छावणीत परतली तेव्हा तिच्या गाईंपुढं वाढे पडलेले होते. हजेरीत नव्हत्या, तरी बायांनी आपापल्या वाट्यातले टाकले होते. दुपारचं वाचन मात्र बंद पडलं. घमेलं उपडंच राहिलं. पुस्तकाकडं बघायचीही बायांना भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर भिवराबाईलाही.

मग एका दुपारी दगडाबाई आल्या. सुनेला आणि नातीला माहेरच्या माणसांच्या हवाली करून आल्या होत्या. त्यांनी पुस्तकावर हळद-कुंकू वाहिलं आणि समोर मांडी घातली.

"वाच. फुडचं."

"मावशी, पोरी सुखरूप हायती. आता कशाला?"

"पोथी अर्धी हाय."

भिवराबाईनं ते पान उघडलं. आता काही गाळायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. पुस्तकातल्या त्या पोरीच्या सासरच्यांनी देवऋषी आणला, लिंबं उतरवली. नर्सबाई डोंगर चढून पोचली तेव्हा पोर गार पडली होती. खाली नर्सबाईनं लिहिलं होतं, 'तिला कुठल्या भुतानं धरलेलं नव्हतं. तो आजार होता. मला आधी कळवलं असतं तर ती वाचली असती.'

भिवराबाईला वाटलं, आता दगडाबाई शिव्या देतील.

"सारजाला बी काजवे दिसलेते," त्या म्हणाल्या. "सणाला आलती तवा मला म्हनली, आई, डोळ्यापुढं चमकायलंय. मी म्हनले, ऊन लागलं आसंल. कपाळाला कांदा बांधला आन् लावून दिली सासरी."

भिवराबाईनं पुस्तक मिटायला घेतलं, तर दगडाबाईंनी पानावर हात ठेवला.

"मिटू नको. परत वाच. माझ्या लेकीचं हाय ते."

भिवराबाईनं डोळे पुसले आणि ते पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.