जावक बंद

आमच्या कॉलेजात मी संगणक शिकवतो. पण गेली काही वर्षं शिकवण्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्याच कामात जातो. कॉलेजचा सगळा ईमेल आणि सगळ्या फाइली एका मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन ऑफिसात ठेवलेल्या आहेत, आणि त्याच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. ‘तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच बघा,’ असं प्राचार्य म्हणाले आणि काम गळ्यात पडलं. कोणाचा पासवर्ड हरवला, कोणाची पेटी भरली, की मला हाक. मी चिडतो, कुरकुरतो आणि करून देतो.

त्या दिवशी साडेअकराला बडेबाबूंनी बोलावलं तेव्हाही मी कुरकुरतच गेलो. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, झरीहून रोज येणारे. तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर कुठलं टपाल पडून राहिलेलं कोणी पाहिलं नाही.

“सर, मेल जाईना गेलाय,” ते म्हणाले. “येनारे यायलेत, जानारा एकबी जाईना.”

पडद्यावर सूचना होती. या खात्यावरून संशयास्पद मेल गेल्यामुळे पाठवणं थांबवलं आहे, तुमच्या प्रशासकाशी बोला. प्रशासक म्हणजे मीच.

एरवी मी म्हटलं असतं, उद्या बघू. पण दाराजवळच्या बाकावर राणीसावरगावचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मुलीने आमच्याकडे बी.एस्सी. केलं होतं आणि तिला दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. तिची गुणपत्रकं खरी आहेत असं पत्र आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावरून त्या संस्थेला मेलने जायला हवं होतं. प्राचार्य आदल्या दिवसापर्यंत बाहेरगावी होते म्हणून सही त्या सकाळीच झाली होती, आणि मुदत होती संध्याकाळी पाचपर्यंत. पत्र पोचलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार. माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठवू का, असं मी त्या संस्थेला फोन करून विचारलं. तिकडच्या बाई फार गोड बोलल्या आणि नाही म्हणाल्या.

मी माझ्या खोलीत येऊन प्रशासकाचं, म्हणजे त्या किल्ल्यांचं, पान उघडलं. अडवलेल्या खात्यांच्या यादीत एकच नाव होतं, आमच्या कार्यालयाचं. तिथे लिहिलेलं असतं की मोकळं करण्याआधी पासवर्ड बदला, खात्यात दुसरं कोणी शिरलंय का ते तपासा. मी घाईत ते वाचलं नाही. खरं सांगायचं तर वाचलं, आणि नंतर बघू म्हटलं. बटण दाबलं. तासाभरात पाठवणं सुरू होईल, असं उत्तर आलं.

पाऊण तासात सुरू झालंही. बडेबाबू पत्र जोडत होते तेवढ्यात पुन्हा बंद. मधल्या पाच-सात मिनिटांत त्या खात्यावरून कुठल्याशा बक्षिसाचे शेकडो इंग्रजी मेल बाहेर पडले होते. चोर आतच बसलेला होता आणि दार मीच उघडून दिलं होतं. या वेळी सूचना जास्त कडक होती. आणखी एकदा असं झालं तर प्रशासकाला खातं मोकळं करता येणार नाही, कंपनीला कळवावं लागेल. कंपनीला कळवणं म्हणजे एक-दोन दिवस.

“सर, हुईल ना?” बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं.

“होतंय, बसा तुम्ही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

पासवर्ड बाहेर गेला कसा, ते आधी कळायला हवं होतं. आमच्या कार्यालयाचा पासवर्ड आवक-जावक रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला असे, निळ्या शाईत, ठळक अक्षरांत. टपाल कार्यालयाचं असतं, एका माणसाचं नसतं, असं बडेबाबूंचं म्हणणं. कोणी रजेवर गेलं तरी काम अडू नये.

“बडेबाबू, हा पासवर्ड आहे की शाळेतल्या फळ्यावरचा सुविचार?” मी म्हणालो.

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी पानं चाळली आणि गेल्या सोमवारच्या नोंदीवर थांबलो. आवक क्रमांक रीतसर घातलेला. पाठवणार, मेल विभाग. विषय, पेटी बंद होणार असल्याने चोवीस तासांत खात्री करणेबाबत. आणि शेऱ्याच्या रकान्यात सुंदर अक्षरात, ‘पासवर्ड भरून पूर्तता केली.’ खाली सही. चोराला त्यांनी आवक क्रमांक दिला होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसलो असतो.

“मेल बंद व्हईल म्हनले ते,” बडेबाबू म्हणाले. “ॲडमिशनचे दिवस हायेत, पोरांची कामं अडतील म्हनून लगेच भरून दिलं. चुकलं का सर?”

तेव्हा मी जे बोललो ते आठवलं की आजही कान गरम होतात. तीस वर्षं नोकरी केली, एवढं कळत नाही का, एका मुलीचं वर्ष घालवलंत तुम्ही, असं सगळ्या कार्यालयासमोर बोललो. बाकावरच्या गृहस्थांच्या देखत बोललो. बडेबाबू रजिस्टरवर हात ठेवून ऐकत राहिले.

मग तिथल्याच संगणकावर मी कार्यालयाच्या खात्याची माहिती उघडली. पासवर्डशिवाय आणखी एक तपासणी असते, मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांची. ती चालू असेल तर नुसता पासवर्ड चोरून सहसा भागत नाही. या खात्याची ती बंद होती. कोणी बंद केली तेही तिथे लिहिलेलं होतं. माझं नाव होतं.

मला आठवलं. काही वर्षांपूर्वी बडेबाबूंच्या घरात एकच मोबाइल होता आणि तो झरीला घरी राही. रोज सकाळी कार्यालयाच्या फोनवरून ते घरी आकडे विचारत, कोणी उचलला नाही की माझ्याकडे येत. एका दुपारी वैतागून मी ती तपासणीच काढून टाकली. धोका नाही ना, असं त्यांनी विचारलं होतं. काही होत नाही, असं मी म्हणालो होतो.

मी पडदा जरा माझ्याकडे वळवला.

मग सगळं नीट केलं. नवा पासवर्ड घातला, खात्यात असलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं. चोराने एक नियम लावून ठेवला होता, येणारी उत्तरं परस्पर कचऱ्यात जावीत असा, तो पुसला. दुसरी तपासणी चालू केली. आता बडेबाबूंकडे स्वतःचा मोबाइल होता. आलेले आकडे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवले. पावणेतीनला मी खातं मोकळं करण्याचं बटण पुन्हा दाबलं.

पावणेचार झाले, मेल जाईना. सव्वाचार झाले, जाईना. कार्यालयाच्या खात्यावरून स्वतःलाच एक ओळ पाठवून बघावी तर ती परत येई, आणि दर वेळी वाटे की हेही संशयास्पद म्हणून मोजलं जात असेल. बाकावर गृहस्थांचा फोन वाजत होता. “चालू हाय बाई, सर करायलेत,” ते दर वेळी मुलीला सांगत. मी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. त्या मुलीला मी वर्गात शिकवलं असणार, पण चेहरा काही केल्या आठवेना.

चार वाजून अडतीस मिनिटांनी माझ्या मोबाइलवर ती एक ओळ पोचली.

पत्र बडेबाबूंनीच पाठवलं. पत्ता तीनदा वाचला, जावक क्रमांक घातला, मग बोट ठेवलं. पाचला आठ मिनिटं असताना उत्तर आलं. पत्र मिळालं, प्रवेश निश्चित. गृहस्थांनी मुलीला फोन लावून सांगितलं.

मग डोळे पुसत ते टेबलापाशी आले. “साहेब, कुनाचे उपकार मानू?”

“सरांचे माना,” बडेबाबू म्हणाले. “माह्या हातून घोळ झाल्ता. त्यांनी निस्तारला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांतलं एकेक टपाल लक्षात असणारा माणूस, माझं ‘काही होत नाही’ विसरला असेल असं मला वाटत नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, रजिस्टर बंद करत होते. दुपारी ज्यांच्यासमोर मी ओरडलो होतो ते सगळे तिथेच होते. एकच वाक्य बोलायचं होतं.

गृहस्थ माझ्यापुढे हात जोडून वाकले. मीही हात जोडले आणि म्हणालो, “अहो, आमचं कामच आहे ते.”