डिग्री गहाण ठेवणारा बाप

त्या बाईचा चेहरा मला आजही आठवतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मध्य प्रदेश पोलिसांत होतो आणि तेव्हा त्याच राज्यात असलेल्या भिलाईच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिपायांची सकाळची गणती आटोपून चहा घेत असताना ठाण्याचा कारकून, आमचा मुंशी, तिला आत घेऊन आला. सेक्टर दहामधली, मूळची भंडाऱ्याकडची. नवरा पोलाद कारखान्यात कामगार. मी मराठी बोलतो हे कळताच तिला रडू फुटलं.

"साहेब, आमचे हे पहाटंच फर्स्ट शिफ्टले गेले. अन् शेजारचे भाऊजी सांगून राहिले का आज त्याईची साप्ताहिक सुट्टी हाय. मले लय भेव लागून राहिलं जी."

"घरात भांडण?"

"नाई जी. उलट काल स्टोव्ह दुरुस्त केला, दूधवाल्याचा हिशेब चुकता केला, माह्या भावाले भेटून आले. पण परवा तो व्याजवाला दारात येऊन ओरडून गेला."

व्याजवाला म्हटल्यावर माझं डोकं तापलं. ही जमात मी चांगली ओळखून होतो. हे लोक कामगाराचं बँकेचं पासबुकच स्वतःजवळ ठेवत. पगाराच्या दिवशी बँकेच्या दारात उभे राहत, आपलं व्याज कापून घेत आणि उरलेले चार पैसे त्याच्या हातावर टेकवत. मुद्दल जागच्या जागी. रोजनाम्यात गुमशुदगी, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, लिहायला सांगून मी दोन शिपाई बाजारात पिटाळले. आमच्या पानवाल्या खबऱ्याने खबर दिली की कालच त्या बाईचा नवरा व्याजवाल्याच्या पोराच्या स्कूटरवर बसून नेहरू नगरकडे गेला होता. मला वाटलं, संपलं. आज पहाटे पुन्हा बोलावून माणूस मारून कुठं तरी टाकला.

नेहरू नगरातून त्या व्याजवाल्याला उचलून ठाण्यात आणला. आधी गुर्मीत होता. मी काही न बोलता त्याच्यासमोर बसून राहिलो, तशी गुर्मी उतरली. गप्प बसलेल्या पोलिसाला माणूस जास्त भितो, हा माझा अनुभव.

"दूध देती गाय को कोई मारता है, साहब?" तो घाम पुसत म्हणाला. "कल वो खुद मेरे लड़के की स्कूटर पे बैठके आया था. पूछ रहा था, ड्यूटी पे मर जाऊँ तो लड़के को मेरी जगह नौकरी मिलेगी, पी.एफ. से तुम्हारा पैसा चुक जाएगा, फिर डिग्री लौटा दोगे ना? मैं समझा, मज़ाक कर रहा है."

मी डिग्रीबद्दल त्याला खोदून विचारलं. कामगाराच्या पोराच्या कॉमर्सच्या शिक्षणासाठी कर्ज दिलं होतं, म्हणून या पठ्ठ्याने पासबुकाबरोबर पोराची मूळ डिग्रीही गहाण ठेवून घेतली होती! आता त्या बाईचं बोलणं मला उलगडलं. पळून जाणारा माणूस घर विस्कटून जातो. आवरून जाणाऱ्याची धास्ती घ्यावी. नियम असा की कामगार कामावर असताना गेला तर मुलाला नोकरी मिळते. म्हणून हा उद्याचीही वाट न बघता, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याची पाळी मागून घेऊन कारखान्यात शिरला असणार.

शिफ्ट ऑफिसला फोन लावला. "इथं नाही, शोधतो," एवढंच उत्तर आलं. गेटवर पोलिसांच्या जीपलाही पास लागतो. तो पास बनेपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. आत कुठं भोंगा वाजला, माणसं धावली की मी पास बनवणाऱ्याला पुन्हा घाई करी.

फोरमनला तो सापडला. माणसांची ये-जा नसलेल्या एका कोपऱ्यात एकटाच बसला होता, जिवंत. हेल्मेट, बूट, हातमोजे सगळं नीट घातलेलं. नियम मोडून मेला तर मुलाला नोकरी मिळत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. 

"साहेब, मले कावून पकडून राहिले?" त्याने विचारलं.

"पकडत नाही, भाऊ. घरी नेतो. वहिनी ठाण्यात बसल्या आहेत."

ठाण्यात त्याचा मुलगाही येऊन थांबला होता. बापाने मान खाली घालून सगळं सांगितलं. दुकानात हिशेब लिहिणाऱ्या पोराला जेवढा पगार मिळतो, त्याच्या दीडपट नुसतं व्याज जातं. बापाची जागा मिळाली तर पोरगं कायम होईल. व्याजवाल्याचाही तगादा सुटेल.

मुलगा पांढराफटक पडला. "आप तो बोले थे, डिग्री बँक के लॉकर में है. अगल्या आठवड्यात माहा इंटरव्ह्यू हाय, बाबा!"

"पोराले पैशाचं सांगू नये रे. अभ्यासात मन लागत नाई."

"मले हिशेब शिकाले धाडलं, अन् घरचा हिशेब मलेच नाई दाखवला? माह्या डिग्रीची किंमत लावली, व्याजाची लावली. तुमची कावून नाई लावली, बाबा?"

"माही?" बाप खरंच गोंधळला. "माही काय किंमत?"

 त्या बाईने उठून नवऱ्याची बाही घट्ट धरली आणि घरी जाईपर्यंत सोडली नाही.

व्याजवाल्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच्याकडची डिग्री पंचनाम्यात जप्त झाली होती. खटला संपेपर्यंत ती ठाण्याच्या मालखान्यात, जप्त मालाच्या खोलीत, पडून राहिली असती, म्हणून कोर्टात धावपळ करून इंटरव्ह्यूच्या आधी ती मुलाच्या ताब्यात देववली. कर्जाचं काय करायचं हे मग बापलेकांनी मिळून ठरवलं. पुढं बरीच वर्षं ते थोडं थोडं फेडत राहिले.

कुठल्या पदवीला किती खर्च, पुढं किती कमाई, कर्ज किती वर्षांत फिटेल, हे गणित प्रत्येक घराने केलंच पाहिजे. मात्र एकट्या माणसाने मनातल्या मनात ते करू नये. भीतीने केलेल्या हिशेबात तो आधी स्वतःलाच खर्ची घालतो. माझ्या मुलीच्या कॉलेजची वेळ आली तेव्हा मी तिला आईसमोर बसवलं आणि कर्जाचा आकडा सांगून टाकला. पोर घाबरली. मी तर आधीच घाबरलेला होतो. पण आता घाबरणारे आम्ही तिघं होतो.